काळ्या मातीच्या अंगणात देवदार

चारधामच्या यात्रेहून परतलेली मंडळी गंगाजल आणतात, रुद्राक्ष आणतात आणि हल्ली मोबाइल भरून देवदाराचे फोटोही आणतात. गंगोत्रीच्या वाटेवर, हर्सिलच्या खोऱ्यात ही झाडं अशी काही उभी असतात की गावात नवं घर बांधणाऱ्याला वाटतंच, आपल्या फाटकापाशी असं एक पाहिजे. मग नर्सरीत चौकशी होते. "हे घ्या भाऊ, देवदारच आहे, लय झपाट्यानं वाढते," असं म्हणून एक रोप गाडीत ठेवलं जातं. त्याची काडी व्हायला एखाद-दोन उन्हाळे पुरतात.

उत्तर आधीच सांगून टाकतो. विदर्भाच्या सपाट मुलखात, अकोल्यापासून गोंदियापर्यंत, खरा देवदार अंगणात लावण्यात अर्थ नाही. पण देवदाराकडून लोकांना जे हवं असतं, म्हणजे उभा डौल, बारा महिने हिरवा आडोसा, सावली, नाहीतर टिकाऊ लाकूड, त्यातलं प्रत्येक देणारं झाड इथे जगतं. सगळं एकाच झाडात मिळत नाही, म्हणून निवड करावी लागते. आणि त्या निवडीच्या आधी आपल्या पायाखालची माती समजून घ्यावी लागते. बहुतेक झाडं उन्हानं मेली असं आपण म्हणतो, पण त्यांचं मरण आदल्या पावसाळ्यातच सुरू झालेलं असतं.

देवदार कुठला, आपण कुठले

खरे सीडर ज्याला म्हणतात त्या सीड्रस गटात जगभरात फक्त चार झाडं आहेत: हिमालयातला देवदार, लेबनॉन-तुर्कस्तानातला सीडर, मोरोक्को-अल्जीरियाच्या ॲटलास डोंगरातला, आणि सायप्रस बेटावरचा. सायप्रसवाल्याला काही वनस्पतीशास्त्रज्ञ लेबनॉनच्याच पोटात धरतात. चारही डोंगरातली, थंडी सोसणारी, उतारावर वाढणारी. आपला देवदार पश्चिम हिमालयात साधारण १५०० ते ३२०० मीटर उंचीवर वाढतो, पन्नास मीटरपर्यंत जातो, हिवाळ्यात बर्फ अंगावर घेतो. हिमाचल प्रदेशानं त्याला राज्यवृक्ष केलं आहे आणि पाकिस्ताननं राष्ट्रीय वृक्ष.

नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे ४६-४७ चीही नवलाई उरलेली नाही. दिवसाची तपन एकवेळ सोसता येते, चार खऱ्या सीडरांमध्ये उष्णता सहन करण्यात देवदारच पुढे आहे. घात करतात त्या रात्री. झाड दिवसा पानांत अन्न तयार करतं आणि श्वसनासाठी रात्रंदिवस ते खर्च करतं. फार उष्णतेत पानांवरची बारीक छिद्रं मिटतात, म्हणून कमाई घटते, आणि हवा जितकी गरम तितका खर्च वाढतो. डोंगरात रात्र थंड असते, त्यामुळे खर्च आवरता राहतो. आपल्याकडे नवतपात, म्हणजे मे-अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, रात्रीही तापमान ३० च्या आसपास अडून बसतं. झाड महिना-दीड महिना साठवणुकीवर जगतं, आणि लहान रोपाकडे साठवण ती किती असणार?

चिखलदऱ्याची गोष्ट थोडी निराळी. १,१०० मीटरच्या आसपासची उंची, गार रात्री, उताराची जमीन. महाराष्ट्रात कॉफीची लागवड तिथेच झाली ती उगाच नाही. तिथे घर असलेल्यानं हौस म्हणून एखादा देवदार लावून पाहायला माझी हरकत नाही. बर्फ मात्र तिथेही पडत नाही.

नर्सरीतलं 'देवदार' ओळखायचं कसं

आपल्या नर्सऱ्यांमधला बराच माल आंध्रातल्या कडियमकडून, बंगालकडून ट्रकनं येतो. बंगालात देवदारू म्हणून जे झाड ओळखतात ते आपला खोटा अशोक आहे, तेव्हा चिठ्ठीवरच्या नावावर भरवसा ठेवू नका, पानं पाहा.

खऱ्या देवदाराची पानं सुईसारखी, दोन ते पाच सेंटिमीटरची, आखूड गाठीवर वीस-तीसच्या झुपक्यानं आलेली असतात आणि शेंडा जरा खाली झुकलेला असतो. पानं चपट्या पंख्यासारखी, उभ्या तबकांच्या चळतीसारखी असतील तर ती मोरपंखी, म्हणजे थुजा. खोडाभोवती मजल्यामजल्यानं आडव्या फांद्या निघाल्या असतील तर ते अरोकेरिया, ज्याला सगळे ख्रिसमस ट्री म्हणतात. हिरवी लांब 'सुई' ओढल्यावर पेरापेरानं सुटत असेल तर ते सुरूचं झाड. सुरू दिसतो पाइनसारखा, पण तो त्यांच्या नात्यातला नाही. तो फुलझाडांतला आहे आणि त्याची सुई म्हणजे पान नसून बारीक फांदी असते.

यातलं कोणतंही झाड वाईट नाही. फक्त आपण काय घेतलं ते माहीत असावं, कारण प्रत्येकाचं आयुष्य आणि आकार वेगळा आहे.

काळी माती: खरा प्रश्न इथे आहे

शेतकऱ्याला वाफसा सांगायला नको. पाऊस पडून गेल्यावर मोठ्या पोकळ्यांतलं पाणी खाली उतरतं, तिथे हवा शिरते, आणि बारीक पोकळ्यांत ओल टिकून राहते. पेरणीला आपण ज्याची वाट पाहतो ती हीच अवस्था झाडाच्या मुळांना वर्षभर हवी असते. मूळ नुसतं पाणी पीत नाही, त्याला श्वास घ्यायला प्राणवायू लागतो.

भारी काळ्या जमिनीत चिकणमातीचं प्रमाण फार असतं, आणि ती चिकणमाती पाणी पिऊन फुगणाऱ्या जातीची असते. जुलै-ऑगस्टात झड लागली की ती फुगते, पोकळ्या बंद होतात, हवा संपते. आठ-दहा दिवस असं राहिलं की बारीक मुळं गुदमरून सडायला लागतात. अशा ओल्या, गुदमरलेल्या मातीत फायटोफ्थोरा जातीच्या रोगजंतूंचं फावतं. वरुड-मोर्शी-काटोलच्या संत्रा बागायतदारांना हा पाहुणा चांगला ठाऊक आहे, कारण संत्र्याच्या बुंध्यावर डिंक्या (सालीतून डिंक गळण्याचा रोग) आणतो तो याच गोतावळ्यातला. देवदारासकट कितीतरी सूचीपर्णी, म्हणजे सुईसारख्या पानांची, झाडं त्याला बळी पडतात. गंमत अशी की सडलेल्या मुळांचं झाड पावसाळ्यात हिरवंच दिसतं. हवा दमट असते, पाण्याची मागणी कमी असते. मागणी वाढते मार्च-एप्रिलमध्ये, तेव्हा पाणी ओढायला मुळंच उरलेली नसतात. झाड वाळतं, आणि आपण म्हणतो तपनीनं गेलं.

उन्हाळ्यात हीच माती आकसते. हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या भेगांत मुळं तटातट तुटतात आणि गरम हवा खोलवर शिरते. वरून ओतलेलं पाणी भेगेतून सरळ खाली निघून जातं, मुळांजवळ थांबतच नाही.

म्हणून झाड निवडण्याआधी एक साधी परीक्षा करा. फूटभर लांब, फूटभर रुंद, फूटभर खोल खड्डा खणा, काठोकाठ भरा, जिरू द्या, मग पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तासाला साधारण इंचभर उतरत असेल तर जमीन ठीक. रात्र उलटून सकाळीही पाणी उभं असेल तर निचरा नाही. ही परीक्षा उन्हाळ्यात करू नका, भेगांमुळे पाणी पटकन पसार होतं आणि जमीन उत्तम असल्याचा भास होतो. एक-दोन दमदार पाऊस झाले की करा.

बरडी, मुरमाड जमीन असलेल्यांनी यातला बराचसा भाग विसरून जावा. शेतीत ज्या जमिनीला आपण नावं ठेवतो ती असल्या झाडांना मानवते. तिथे पाणी टिकत नाही एवढीच अडचण, आणि ती आच्छादनानं सुटते. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्यांना लागून घर असेल तर मात्र सप्टेंबरात जमिनीतलं पाणी किती वर येतं ते बघा. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारं असतं. तिथे मोरपंखीचे शेंडे करपतात, त्यापेक्षा क्षार सोसणारा सुरू बरा.

भिंतीपासून किती लांब

हा भाग बहुतेक लोक सोडून देतात आणि पंधरा वर्षांनी भिंतीला तिरपी भेग पडली की मिस्त्रीला दोष देतात.

काळ्या मातीवरचं घर तसंही पावसाळ्यात किंचित उचललं जातं आणि उन्हाळ्यात किंचित बसतं. पाया पुरेसा खोल असला की फारसं कळत नाही. पण घराच्या एका कोपऱ्याजवळ मोठं झाड असलं की ते त्या बाजूच्या मातीतलं पाणी ओढून घेतं. ती बाजू इतरांपेक्षा जास्त आकसते, तो कोपरा खाली बसतो, आणि भिंत मधेच तडकते. मुळं पाया फोडतात हा समज जुना आहे, प्रत्यक्षात नुकसान बहुधा असं मातीतून होतं.

काळ्या जमिनीत सरळ हिशेब ठेवा: झाड पूर्ण वाढल्यावर जेवढं उंच होणार, साधारण तेवढंच ते घरापासून दूर लावावं. चाळीस फुटांचं होणारं झाड चाळीस फुटांवर. मुरमावर हे अंतर निम्म्यावर आणलं तरी चालतं. प्लॉट लहान असेल तर झाडही लहान निवडायचं, त्याला दुसरा इलाज नाही.

आधीपासून घराशेजारी मोठं झाड असेल तर एका दिवसात ते तोडून टाकू नका. ते रोज ओढत असलेलं पाणी अचानक मातीत साचायला लागतं, माती फुगते आणि पाया उलटा उचलला जातो. दोन-तीन वर्षं फांद्या कमी करत जाणं बरं. विजेच्या तारा, टिनाचं छप्पर, शेजाऱ्याची विहीर यांचं अंतर तर तुम्ही बघालच.

मग लावायचं काय

नुसता आकार हवा असेल, फाटकाच्या दोन बाजूंना दोन हिरवे सुळके, तर मोरपंखी. दहा-पंधरा फुटांत थांबते, वाढ संथ, घराजवळ चालते. तिची मेख छाटणीत आहे. आतल्या तपकिरी, पान नसलेल्या फांदीपर्यंत कात्री नेली की तिथे पुन्हा पालवी फुटत नाही, भोक कायमचं राहतं. म्हणून दरवर्षी वरवरची हिरवी टोकंच कातरायची. आतून वाळलेलं दिसलं तर घाबरायचं कारण नाही, सावलीतली जुनी पानं गळतच असतात. बाहेरची पानं उन्हाळ्यात धुळकट, तांबूस व्हायला लागली तर मात्र लाल कोळी ही रस शोषणारी बारीक कीड आली असं समजा, आणि सकाळी पाइपानं जोरात पाणी मारून झाड धुऊन काढा. बहुतेक वेळा औषधाची गरज पडत नाही.

अरोकेरिया दिसायला सगळ्यात देखणं, आणि म्हणूनच सगळ्यात जास्त फसवणूकही त्यातच. हे झाड बियांपासून किंवा उभ्या शेंड्याच्या कलमापासून केलं तरच सरळ वाढतं. आडव्या फांदीचं कलम लावलं तर रोप जन्मभर फांदीसारखं आडवंच पसरतं. घेताना मधला शेंडा ताठ आहे का आणि फांद्या चहूबाजूंनी सारख्या निघाल्या आहेत का, ते पाहून घ्या. पहिली दोन-तीन वर्षं मोठ्या कुंडीत, पूर्वेच्या ओसरीत ठेवलेलं बरं. गावात वानरांची टोळी फिरत असेल तर हे झाड घेऊ नये असं माझं मत आहे. शेंडा एकदा मोडला की तो डौल गेला.

वाऱ्याला आडोसा हवा आहे, वावराच्या धुऱ्यावर (बांधावर) किंवा वाडीच्या कडेला रांग करायची आहे, आणि जमीन हलकी आहे, तर सुरू. मुळांवरच्या गाठींत राहणाऱ्या जिवाणूंच्या मदतीनं तो हवेतलं नत्र घेतो, त्यामुळे खताची फारशी कटकट नाही. त्याच्या खाली गळालेल्या काड्यांचा जाड थर होतो आणि गवतही नीट येत नाही, म्हणून भाजीच्या वाफ्याला लागून लावू नये. चिबड, पाणी साचून राहणाऱ्या काळ्या जमिनीत तोही रडतो.

सावली आणि लाकूड हवं असेल तर माझं मन सूचीपर्णींकडे वळतच नाही. आपल्या कडुनिंबाच्याच कुळात तीन झाडं आहेत. एक तून, ज्याला इंग्रजीत इंडियन रेड सीडर म्हणतात: लाकूड लालसर, हलकं, सुवासिक, फर्निचरला आणि वाद्यांना वापरतात. त्याला ओल लागते, म्हणून गडचिरोली-गोंदियाकडे, मामा (जुन्या मालगुजारी) तलावांच्या आसपास तो जास्त खुलतो. शेंडा पोखरणारी अळी हा त्याचा शत्रू. दुसरं बकाण निंब, ऑस्ट्रेलियातला व्हाइट सीडर तो हाच. झपाट्यानं वाढतो, जांभळी सुवासिक फुलं येतात, पण हिवाळ्यात पान गाळतो, फांद्या ठिसूळ असतात आणि फळं विषारी आहेत. घरात लहान लेकरं असतील तर अंगणात नकोच. तिसरं रोहन. हे आपल्या कोरड्या जंगलातलं, मुरमाड टेकड्यांवर आपणहून येणारं झाड. वाढ हळू आहे, नर्सरीवाला त्याची जाहिरात करणार नाही, रोपासाठी वन विभागाच्या रोपवाटिकेत चौकशी करावी लागते. पण लाकूड कठीण, टिकाऊ, आणि चैत्रात त्याची कोवळी तांबूस पालवी पाहण्यासारखी असते. आपल्या मुलखाचा देवदार कोणता असं विचारलं तर मी रोहनकडे बोट दाखवीन.

लावणी

आपल्याकडे रीत आहे ती दोन बाय दोनचा खड्डा खणून त्यात लाल माती, मुरूम आणि शेणखत भरण्याची. हलक्या जमिनीत ती उत्तम. भारी काळ्या जमिनीत मात्र त्या खड्ड्याचं टाकं होतं. आतला भराव भुसभुशीत, भोवतीच्या भिंती चिकण, मग चारही बाजूंचं पाणी त्यात उतरतं आणि तिथेच साचतं. तळाला दगड टाकून काही होत नाही, पाण्याला बाहेर जायला वाटच नसते.

त्यापेक्षा खोल जाऊच नका, वर या. पाच-सहा फूट रुंद आणि दीड फूट उंच असा उंचवटा करा: दोन भाग तिथलीच माती, एक भाग मुरूम, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, सगळं जमिनीच्या वरच्या थरात मिसळून. संत्र्याचे बागायतदार आता गादीवाफ्यावर कलमं लावतात त्यामागचं कारण हेच आहे.

वेळ: हलक्या जमिनीत मिरगानंतरचा पहिला दमदार पाऊस. भारी जमिनीत मी पोळ्यानंतरच लावायला सांगतो. झडीचा जोर ओसरलेला असतो आणि पुढे थंडीचे तीन-चार महिने मुळं पसरायला मिळतात.

रोप घेताना उंचीला भुलू नका. सहा फुटांचं झाड लहान पिशवीत असेल तर त्याची मुळं आत गोल गोल फिरलेली असतात, आणि ती जमिनीत गेल्यावरही तशीच फिरत राहून पुढे स्वतःच्याच खोडाला आवळतात. दोन-अडीच फुटांचं, जाडसर खोडाचं रोप मागून लावूनही पुढे निघून जातं. पिशवी पूर्ण काढा, गुंडाळलेली मुळं ब्लेडनं कापून मोकळी करा, आणि नर्सरीत जिथपर्यंत माती होती तिथपर्यंतच मातीत ठेवा. बुंधा गाडू नका. जनावरं मोकळी सुटत असतील तर त्याच दिवशी भोवती बोराटी लावा, उद्यावर ढकलू नका.

पहिले तीन उन्हाळे

रोज बादलीभर शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस लिटर सावकाश मुरवलेलं पाणी कामाचं. वरवरच्या पाण्यानं मुळं वरवरच राहतात आणि तीच आधी भाजतात. पाण्याची टंचाई असेल तर बुडाला बारीक भोक पाडून वात घातलेलं जुनं मडकं खोडापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा आणि भरत राहा. होळीच्या आधी खोडाभोवतीची माती खुरप्यानं हलकी करून भेगा बुजवून घ्या, मग त्यावर सोयाबीनचं कुटार किंवा धानाची तणीस चार बोटं जाड पसरा. खोडाला कुटार चिकटू देऊ नका, एक वीत मोकळी सोडा, नाहीतर उधई (वाळवी) वर चढते. मातीत मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड मिसळली तर आणखी बरं.

ऊन मारतं ते पश्चिमेकडून, दुपारी बारा ते चार. त्या बाजूला तुराट्यांचा तट्टा किंवा हिरवी जाळी उभी करा, पण झाड चहूबाजूंनी झाकू नका, वारा खेळला पाहिजे. टिनाच्या पत्र्यासमोर रोप असेल तर पत्र्यावरून परतणारी आचही हिशेबात धरा.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर पाण्याचं अंतर वाढवत न्यायचं: आधी आठवड्याला एकदा, मग पंधरवड्याला. मडकं किंवा आळं खोडाजवळून सरकवत सावलीच्या कडेपर्यंत न्यायचं, कारण पाणी पिणारी बारीक मुळं तोवर तिकडे पोचलेली असतात. चौथ्या उन्हाळ्यात रोहन आणि सुरू बिनपाण्याचेही निघतात, मोरपंखीला मे महिन्यात पाण्याच्या दोन-तीन पाळ्या द्याव्या लागतात, आणि अरोकेरियाला पाणी सुरूच ठेवावं लागतं.